खारीचा वाटा: आठ चौरस फूट

हल्ली घरात कुत्रा आला की त्याच्यामागोमाग ट्रेनर, लसीकरणाचं पुस्तक आणि लोखंडी क्रेट अशी वरात येते. लसीकरणाला कोणी हरकत घेत नाही. ट्रेनरची फी ऐकून थोडी कुरकुर होते, पण तीही गिळली जाते. क्रेटवरून मात्र घरात उभे दोन तट पडतात आणि ते पडल्याचं कुत्र्याच्या आधी शेजाऱ्यांना कळतं.

आमच्याकडचं पिल्लू गावठी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मालक परदेशी गेल्यापासून जागची न हललेली एक गाडी आहे, तिच्याखाली झालेल्या वेतातलं. रंग बेकरीतल्या खारीचा, म्हणून मुलीने नाव ठेवलं खारी. यात काही वेगळं नाही. आमच्या समोरच्या बागेत संध्याकाळी चकली, मोदक आणि बर्फी पट्ट्याला हिसके देत फिरत असतात, आणि टॉमी नावाचा एकमेव म्हातारा कुत्रा त्यांच्याकडे खिन्नपणे बघत असतो. खारीची आई अजून पार्किंगमध्येच राहते. रात्री जी गाडी सर्वांत उशिरा येते तिच्या गरम बॉनेटवर ती झोपते. म्हणजे सोसायटीतला कोण किती वाजता घरी आला, हे तिच्याकडे बघून कळतं.

ट्रेनर म्हणजे कमरेला खाऊचा बटवा लावलेला, इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून या धंद्यात आलेला तरुण. त्याने हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि खारी त्याच्या पायाशी येऊन बसली. आमच्यापैकी कोणासाठीही ती तोवर बसली नव्हती. तेवढ्यावर त्याचा शब्द घरात प्रमाण ठरला.

"काका, डॉग हा बेसिकली डेन ॲनिमल आहे," तो म्हणाला. "त्याला स्वतःची गुहा लागते. लहान, अंधारी, सेफ. रात्री तो क्रेटमध्ये असला की तोही शांत, तुम्हीही शांत. वायरी चावणं नाही, चपला नाहीत, सोफा नाही."

"आणि शू?" बायकोने व्यवहाराचा मुद्दा काढला.

"तोच तर फायदा आहे काकू. कुत्रा झोपायच्या जागेत घाण करायचं टाळतो. म्हणून क्रेट फार मोठा घ्यायचा नाही. मोठा झाला की एका कोपऱ्यात तो बेडरूम करतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात टॉयलेट."

"म्हणजे वन बीएचके," मुलगी म्हणाली.

क्रेटचं माप काढायचं शास्त्र आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्यायची, डोक्यापर्यंत उंची घ्यायची आणि दोन्हींत तीन-चार इंच मिळवायचे. कुत्र्याला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, गिरकी घेता आली पाहिजे, पाय ताणून कुशीवर झोपता आलं पाहिजे. बस्स, त्याहून जास्त नको. हे माप उभ्या, स्थिर कुत्र्याचं घ्यायचं असतं. खारी या दोन्ही अवस्थांत एकदम कधी नसते. आईने ब्लाउजच्या मापाची टेप आणली. ती टेप आता सात इंचांपासून सुरू होते.

शिवाय पिल्लू वाढतं. म्हणून मोठ्या कुत्र्याच्या मापाचा क्रेट घ्यायचा, आत जाळीचं पार्टिशन टाकायचं आणि पिल्लू जसं वाढेल तसं ते मागे सरकवत न्यायचं. आम्ही बेचाळीस इंची घेतला. घडीचा असतो. घडी उलगडताना जो आवाज होतो, तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या, की ग्रिल बसवताय का.

क्रेट हॉलमध्ये उभा राहिला आणि बाबांनी वर्तमानपत्राच्या समासात गणित मांडलं. बेचाळीस गुणिले अठ्ठावीस, भागिले एकशे चव्वेचाळीस.

"आठ चौरस फुटांच्या वर जातं," ते म्हणाले. "कार्पेट. बिल्ट-अप वगैरे भानगड नाही."

बाबांचं बालपण मुंबईला नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि त्यात नऊ माणसं. गावाकडून नोकरी शोधायला आलेला एखादा दूरचा काका आला की दहा. आता त्या चाळी पाडून तिथे पाचशे चौरस फुटांची घरं बांधून देतायत, ही बातमी बाबा नेहमी कोणाचं तरी उशिरा जमलेलं लग्न ऐकावं तशी ऐकतात. त्यांनी समासात दुसरं गणित मांडलं. माणूस कुशीवर झोपला की साडेपाच फूट गुणिले दीड फूट.

"सव्वाआठ," ते म्हणाले. "आम्हाला माणशी एवढीच जागा होती. तीही मधला भाऊ कूस बदलेपर्यंत. आणि पार्टिशनचं म्हणाल, तर थोरल्याचं लग्न झाल्यावर आमच्याकडेही पार्टिशन होतं. दोरीवर आईचं लुगडं."

खरं सांगायचं तर क्रेटवरचा सगळा वाद इथेच आहे, असं माझं मत झालेलं आहे. आमच्या घराण्यात एकट्याने झोपायची पद्धत नाही. आई लग्न होईपर्यंत तिच्या आजीच्या कुशीत झोपली. मी आणि बहीण आमच्या आजीच्या दोन बाजूंना झोपलो आणि आजीने तोंड कोणाकडे करायचं यावरून रोज भांडलो. माझी मुलगी तिची स्वतंत्र खोली, स्वतंत्र पलंग, छताला चिकटवलेल्या चांदण्या हे सगळं असताना दहावीपर्यंत माझ्या आईजवळ झोपली. करोनात मला आतल्या खोलीत एकट्याला ठेवलं होतं, तेव्हा आई दाराबाहेर सतरंजी टाकून झोपत होती आणि दर तासाने "जागा आहेस का?" असं विचारून मला जागं करत होती. अशा घरात रात्री दार लावून घ्यायचं, स्वतंत्र, हवेशीर, चारी बाजूंनी उजेड येणारं दालन मिळालेली खारी ही पहिलीच. इतर सदस्यांना तिची दया येत होती की तिचा हेवा वाटत होता, हे मला नीट सांगता येणार नाही.

आईचा विरोध मात्र सैद्धांतिक होता. "दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत," ती ट्रेनरला म्हणाली. "चार वेद म्हणतात त्यांना. एक तरी पिंजऱ्यात आहे का?"

ट्रेनरने खाऊच्या बटव्याशी चाळा केला.

"नामदेवांच्या ताटातली पोळी कुत्र्याने पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नको. आणि आपण काय करायचं? कडी लावायची?"

"आजी, तूप देऊ नका हं तिला. पोट बिघडेल."

"आणि धर्मराजाने कुत्र्याशिवाय स्वर्गात पाऊल टाकलं नाही!"

इथे मात्र तो पोरगा सावरून बसला. "आजी, तो कुत्रा हिमालयापर्यंत विदाउट लीश मागे मागे गेला. वाटेत चार भाऊ आणि द्रौपदी पडली, तरी डिस्ट्रॅक्ट झाला नाही. तो फुल्ली ट्रेन्ड होता."

आईने त्या दिवसापासून त्याला चहाबरोबर चिवडा द्यायला सुरुवात केली.

तडजोड अशी झाली, की क्रेट राहील, पण त्याचा पिंजरा होणार नाही. म्हणजे आत मऊ अंथरूण, तीन बाजूंनी पांघरूण आणि दिवसा दार सताड उघडं. जेवण आतच द्यायचं, खाऊ आत टाकायचा, तिने आत पाय टाकला की शाबासकी. रागावून कधीही आत कोंडायचं नाही, नाहीतर त्या जागेची धास्ती बसते. पांघरायला जुनी सोलापुरी चादर निघाली. अंथरायला आईने स्वतः शिवलेली गोधडी दिली, ज्या गोधडीवर बसायला मला लहानपणी मनाई होती. मग ट्रेनर म्हणाला, घरातल्या एका माणसाचा न धुतलेला, अंगावर वापरलेला कपडा आत ठेवा. ओळखीचा वास असला की पिल्लाला एकटं वाटत नाही.

"ज्याचा वास सगळ्यात जास्त येतो त्याचा," असं तो पुढे म्हणाला आणि सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. लोकशाहीत एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

तीन-चार महिन्यांचं पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतं, असं जाणकार सांगतात आणि ते खरं आहे. उरलेले चार-सहा तास कुठले घ्यायचे, हे पिल्लू ठरवतं. रात्री अकराला खारीला शेवटची शू करवून, वर आणून, गोधडीवर ठेवून कडी लावली. आधी कुईकुई सुरू झाली. मग विव्हळणं. मग मध्येच एक शांतता. त्या शांततेत सगळ्या घराने एकदम सोडलेला निःश्वास. आणि त्या निःश्वासाच्या आवाजाने पुन्हा कुईकुई.

आता शास्त्र असं, की पिल्लाची रड दोन प्रकारची असते. एक लक्ष वेधून घेणारी, तिच्याकडे बघायचं नाही. दुसरी गरजेची, तिच्याकडे ताबडतोब बघायचं. दोन्ही ऐकायला सारख्याच असतात. रात्री बारा वाजता आम्ही चार सुशिक्षित माणसं काळोखात उभे राहून कुजबुजत चर्चा करत होतो, की ही पहिली आहे की दुसरी. बायकोचं म्हणणं दुसरी. मुलीचं म्हणणं पहिली. आईचं म्हणणं, रडतंय ते लेकरू आहे, प्रकार कसले पाडताय? तेवढ्यात खारीने मान वर करून एक लांब सूर लावला आणि पार्किंगमधून तिच्या आईने त्याला उत्तर दिलं. त्या उत्तराला कोपऱ्यावरच्या अंडाभुर्जीवाल्याच्या कुत्र्याने, त्याला बागेपलीकडच्या टोळीने आणि टोळीला थेट म्हात्रे पुलापर्यंत जो जो जागा होता त्याने उत्तर दिलं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वरच्या मजल्यावरून एकच शब्द आला: "कृपया."

पिल्लाच्या मूत्राशयाचाही एक ठोकताळा आहे. जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते धरू शकतं. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाचे चार तास. अकराला निजलेली खारी अडीच-तीनला उठणार, हे गणिताने सिद्ध होतं. प्रश्न एवढाच होता, की तिच्याबरोबर कोण उठणार. मुलीची परीक्षा होती. बायकोची अमेरिकेबरोबरची मीटिंग दीडला संपते, आणि त्यानंतर तिला हलवणं हे जोखमीचं काम आहे. मी शांतपणे छताकडे बघत होतो.

तेव्हा बाबा म्हणाले, "मी अडीचला उठतोच."

वयाच्या पंचाहत्तरीनंतर पुरुषाचं मूत्राशय पुन्हा तीन महिन्यांच्या पिल्लाच्या वेळापत्रकावर येतं, ही गोष्ट ट्रेनिंगच्या कुठल्याच माहितीत लिहिलेली नाही. खरं तर ती पहिल्या पानावर हवी. बाबा गेली काही वर्षं रात्री अडीचला आणि पहाटे साडेचारला उठतात. डॉक्टरांनी त्यावर गोळी दिली आहे. गोळीने एवढाच फरक पडला, की आता ते बरोबर अडीचला उठतात. बाबांना रात्रपाळी मिळाली.

ट्रेनरने त्यांना नियम समजावले. रात्री बाहेर नेताना दिवा मोठा लावायचा नाही. बोलायचं नाही, खेळायचं नाही, लाड करायचे नाहीत. शू झाली की एकदाच "शाबास" म्हणायचं आणि परत आत ठेवायचं. म्हणजे रात्री उठण्यात काही मजा नाही, हे तिला कळेल. बाबांना हे नियम बिलकूल जड गेले नाहीत. आमच्याशीही ते साधारण असेच वागत आले आहेत.

मग रोज रात्री लिफ्टचं दार वाजायचं. कानटोपी घातलेले बाबा आणि त्यांच्या कडेवर खारी. खाली वॉचमन खुर्चीतून उठून गेटाजवळचा दिवा मालवायचा, कारण बाबांनी त्यालाही नियम समजावले होते. खारीची आई बॉनेटवरून उतरून यायची, लेकीचा वास घ्यायची, तिला सोलापुरी चादरीचा आणि माझ्या बनियनचा वास येतोय हे बघून एक शिंक द्यायची आणि परत जायची. सकाळी ऑफिसला निघताना वॉचमन मला अहवाल देई: "साहेब, काल दोघांचंही एकदाच झालं."

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर क्रेट दिसला आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय झालं. बहिणीचा मुलगा स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला असतो. तो म्हणाला, "मामा, ते मागे काय आहे? इकडे हे बेकायदा आहे!" स्वीडनमध्ये कुत्र्याला घरात असं क्रेटमध्ये कोंडून ठेवायला मनाई आहे. प्रवासात, स्पर्धेच्या ठिकाणी वगैरे चालतं. रोजची रात्र काढायला नाही. शिवाय दिवसा कुत्र्याला निदान दर सहा तासांनी बाहेर न्यायलाच हवं, असाही तिथला नियम. बायकोने तो नियम दोनदा विचारून घेतला. तिच्या कंपनीत माणसांसाठी लागू होतो का, हे तिला बघायचं होतं.

त्याच कॉलवर डॅलसची चुलत बहीण होती. तिने कपाळावर हात मारला. "दादा, त्याचं ऐकू नकोस. इथे कुत्रा घेतात त्याच दिवशी क्रेट घेतात. आमचा तर आम्ही ऑफिसला गेल्यावरही आतच असतो. मस्त राहतो." मग दोघांची जुंपली. तो म्हणाला, हा छळ आहे. ती म्हणाली, मोकळं सोडून त्याने मोजे गिळले तर तो छळ नाही का? एकाच वाड्यात, एकाच माजघरात वाढलेल्या घराण्याचे दोन अंश दोन खंडांत जाऊन कुत्र्याच्या झोपेवर इतक्या तावातावाने भांडताना बघून आईला बरं वाटलं. "चला," ती म्हणाली, "अजून एकमेकांशी बोलतात तरी."

भारतीय बाजू मांडायला वरच्या मजल्यावरचे काका आले. तेच ते, "कृपया"वाले. निवृत्त वकील आहेत. त्यांच्या हातात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याची छापील प्रत होती आणि कलम अकरा पिवळ्या पेनाने रंगवलेलं होतं. प्राण्याला हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा. बाबांनी चष्मा लावून शांतपणे सगळं वाचलं.

"हे १९६० साली होतं?" ते म्हणाले. "तेव्हा मी नायगावात होतो. कोणी बोललं नाही."

"तो प्राण्यांसाठी आहे," वकील काका म्हणाले.

"तेच म्हणतोय."

दंडाची रक्कम काकांनी शेवटी, जरा आवाज खाली आणून सांगितली. पहिल्या गुन्ह्याला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांत आता आमच्या भागात धड मिसळही येत नाही. अर्थात आमचा क्रेट मापात बसत होता, व्यायाम तर बाबांचाही होत होता, त्यामुळे खटला तिथेच निकाली निघाला आणि काका चहा घेऊन गेले. जाताना त्यांनी खारीला "काय गं, रात्री ओरडतेस?" असं दटावलं. खारीने त्यांच्या हातातलं कलम अकरा खाल्लं.

पण क्रेटच्या तत्त्वज्ञानाला खरा धक्का बसला तो बायकोच्या मामांकडून. मामा सासवडच्या पुढचे. कोर्टाच्या कामाला पुण्यात आले, की मुक्कामाला आमच्याकडे. त्यांनी क्रेटभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"रात्री कोंडता व्हय हिला? अन् मग राखण कोण करतं?"

"सीसीटीव्ही आहे, मामा."

"चावतंय का ते?"

मामांचं जग उलटं आहे. त्यांच्याकडचं कुत्रं दिवसा बांधतात आणि रात्री मोकळं सोडतात. दिवसा त्याचं काम काय? पाहुण्यांना चावणं. रात्री मात्र मेंढरांच्या वाड्याभोवती त्याची गस्त असते, कारण त्या माळांवर अजून लांडगे आहेत. सासवड, बारामती, दौंड अशा पुण्याच्या अंगाला लागून असलेल्या गवताळ रानांत ते राहतात, हे हिंजवडीत बसलेल्या माणसाच्या गावीही नसतं. ज्या वेळी आम्ही खारीला "नाईट नाईट" म्हणून चादर ओढतो, त्याच वेळी तिथलं कुत्रं कामावर रुजू होतं.

योगायोगाने ट्रेनर तिथे होता. तो म्हणाला, "मामा, पण कुत्रा मूळचा लांडग्यापासून आलेला आहे. लांडगा डेनमध्ये, म्हणजे गुहेत राहतो. म्हणून ही गुहा."

"कोण म्हनलं?" मामा म्हणाले. "लांडगा उघड्यावर पडतोय. ढेकळाच्या आडाला, झुडपाच्या सावलीला. बिळात जाती ती मादी, विणीच्या टायमाला. पिल्लं दोन-अडीच महिन्याची झाली की सगळी भाईर."

हे खरंच आहे. प्राण्यांचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. पण ट्रेनर हुशार. तो म्हणाला, "तेच की! ही पिल्लूच आहे. पिल्लं गुहेतच असतात ना?"

"असत्यात," मामा म्हणाले. "पर आत आई असती. चार भावंडं असत्यात. एकमेकांच्या अंगावर पडल्याली. तुमच्या ह्या गुहेत कोण हाय?"

"काकांचा बनियन," ट्रेनर म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

त्या पोराची एक गोष्ट मला आवडली. त्याने वाद घातला नाही. पोहे संपवले आणि म्हणाला, क्रेट हॉलमधून उचला आणि कोणाच्या तरी पलंगाशी लावा. सुरुवातीला पिल्लाला माणसाचा श्वास ऐकू आला पाहिजे. मग त्याने कबूल केलं, की हे तो पहिल्या दिवशीच सांगणार होता, पण आजी नामदेवांवर आल्या आणि राहून गेलं. क्रेट आईच्या पलंगाला टेकवला गेला. रात्री आई जाळीतून दोन बोटं आत सोडून झोपू लागली. खारी त्या बोटांना नाक लावून झोपू लागली. कडी लावलेली असे, पण त्या कडीला अर्थ उरला नव्हता. रात्री रडणं थांबलं. बाबांनी आपल्याशी बोलायचं नाही, हे खारीने मान्य केलं होतंच. आता आईने बोलत राहायचं, हेही मान्य केलं.

आणखी काही महिन्यांनी ती सलग झोपायला लागली. याचा आनंद घरात सगळ्यांना झाला, एक माणूस सोडून. बाबा अडीचला उठत, कानटोपी घालत, क्रेटपाशी जाऊन उभे राहत. खारी एक डोळा उघडून बघे आणि मिटून घेई.

"हिला आता येत नाही," ते सकाळी म्हणाले.

"मग बरंच आहे की. तुम्ही आपले बाथरूमला जाऊन या आणि झोपा."

"त्याला लिफ्ट लागत नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात नाराजी होती, पण तक्रार कोणाकडे करावी हे त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी एक तोडगा काढला. ते आता अडीचला एकटेच खाली जातात आणि वॉचमनशी गप्पा मारून येतात.

क्रेटचा खरा उपयोग मला गणपतीच्या आधी कळला. पुण्यात गणपती दहा दिवसांचे असले, तरी ढोल-ताशांच्या सरावाला नदीकाठी कित्येक आठवडे आधी सुरुवात होते. आमचं घर नदीपासून ढोलाच्या अंतरावर आहे. पहिला ठोका पडला आणि खारी सोफ्याखाली गेली, तिथून टीव्हीमागे गेली, तिथून बाबांच्या लुंगीत शिरली आणि शेवटी आपली आपण चालत क्रेटमध्ये गेली. दार उघडंच होतं. तिने गोधडी पंजाने ओरबाडली, स्वतःभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आम्ही चादर खाली सोडली. सराव संपेपर्यंत ती बाहेर आली नाही. दिवाळीच्या फटाक्यांनाही तिने तेच केलं.

मी ते बघत होतो. आवाज, पाहुणे, ग्रुपवरचे मेसेज, मीटिंगा हे सगळं नको झालं, की उठून जावं, पडदा पडावा आणि कोणीही "काय झालं, बरं नाही का?" असं विचारू नये, अशी माझ्यासाठी घरात जागा नाही. बाथरूममध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, की आई दार वाजवते. मी एकदा बायकोला सहज विचारलं, की हे क्रेट किती इंचांपर्यंत मिळतात? तिने उत्तर दिलं नाही, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी जरा जपून वागते.

मग मार्गशीर्षात नात्यातलं एक लग्न पुण्यात निघालं आणि घरी पाहुणे उतरले. रात्री हॉलमध्ये टेबल भिंतीला लागलं, गाद्या पसरल्या, उशा कमी पडल्या, चादरींवरून नेहमीचे मानापमान झाले. तिथे एकजण, इथे दोघं, पोरांना आडवं घाला, अशी जुळवाजुळव चालू होती. आईच्या खोलीत तीन आत्या. क्रेट मधेच येत होता, म्हणून तो दाराशी ओढला गेला. खारीला त्या गर्दीत विचारायला कोणाला वेळ नव्हता, आणि तिलाही नव्हता. तिने सगळ्या गाद्या एकदा हुंगल्या, मधली रांग पसंत केली, आणि बेळगावची आत्या व सोलापूरचा आतेभाऊ यांच्या मधल्या फटीत उताणी पडून चारी पाय वर केले.

बेळगावच्या आत्याने तिला जरा सरकवून बघितलं. सरकली नाही. मग ती उठून बसली आणि क्रेटकडे बघून म्हणाली, "ते रिकामंच आहे नव्हे?"

"हो, आत्या."

"मग माझी बॅग ठेवा बघू त्यात. आत कुंदा आहे. आणि कडी लावा नीट. कुत्रं आहे घरात."

बॅग गोधडीवर ठेवली. सोलापुरी चादर सोडली. बाबांनी कडी दोनदा ओढून बघितली. सकाळी आमच्या मुलीने ट्रेनरला मेसेज केला: काल क्रेट रात्रभर बंद, आतून एकदाही आवाज नाही, शू नाही, चादर जशीच्या तशी.

त्याचं लगेच उत्तर आलं: "गुड गर्ल! शब्बास! ताबडतोब काहीतरी गोड द्या तिला."